मघाचंच वाजवा

“यांच्यात गाणारं कोण आहे?” ओगलेकाकांनी विचारलं.

“कोणी नाही, काका. चौघंही वाजवणारे.”

“ते दिसतंय मला. पण गाणार कोण?”

नरक चतुर्दशीची पहाट होती. मैदानावर मंडप घातला होता, पणत्या लावून झाल्या होत्या आणि अभ्यंगस्नान उरकून आलेली मंडळी उटण्याचा वास दरवळवत, खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरत होती. ओगलेकाका आमच्या कॉलनीच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून संस्कृतीचं पाणी कुणाला किती सोडायचं, हे तेच ठरवत. दिवाळी पहाटेला दरवर्षी नाट्यगीतं व्हायची. त्या वर्षी ठरलेल्या गायिकेचा घसा ऐन वेळी बसला आणि काकांना माझी आठवण झाली. टिळेकरांचा श्रीरंग मुंबईत कसल्याशा बँडमध्ये पेटी वाजवतो, एवढी माहिती त्यांच्याकडे होती. पेटी म्हणजे पियानो होता आणि बँड जॅझचा होता. मी दोन्ही सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही ऐकलं नव्हतं.

“जॅझमध्ये गाणारं लागतंच असं नाही, काका.”

“बरं. मग गाणी कुठली घेणार?”

“बऱ्याचशा आमच्याच रचना आहेत.”

लग्नाच्या पंगतीला घरचा डबा घेऊन बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं. “लोकांना माहीत असलेलं काहीतरी ठेवा मध्ये मध्ये,” ते म्हणाले. “सणाचा दिवस आहे.”

तोपर्यंत मी मुंबईतली हॉटेलं, क्लबांची हिरवळ आणि श्रीमंतांच्या गच्च्या पुरेशा पाहिल्या होत्या. जॅझ ऐकायला आलेल्या लोकांना सर्वांत जास्त कुठलं गाणं आवडतं, या विषयावरचा माझा अभ्यास पूर्ण झाला होता. त्यांना ओळखीचं गाणं आवडतं. त्याहून जास्त आवडतं ते, आपण ओळखलं हे शेजारच्याला कळवता येईल असं गाणं. पहिल्या दोन सुरांत माणूस मान डोलावतो, बायकोच्या कानात काहीतरी सांगतो आणि मग गाणं संपेपर्यंत स्वतःच्या हुशारीत रमून जातो. आम्ही काय वाजवतो याच्याशी त्याचा संबंध तिथेच संपलेला असतो. मुंबईत हे हातात ग्लास धरून चालतं, आमच्याकडे चकली धरून चालणार होतं, एवढाच फरक.

स्टेजच्या मागे सायमनदादा कपातला चहा फुंकत उभा होता. सायमन लोपीस, आमचा सॅक्सोफोनवाला. वसईचा. बापाचा लग्नातला बँड होता, त्यात हा चड्डीत असल्यापासून वाजवायचा. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा आणि माझ्यापेक्षा किती चांगला, हे मी मोजायचं सोडून दिलं होतं. चौकडी त्याची होती. आम्ही बाकीचे तिघं त्याच्यामुळे वाजवणारे होतो. तो नसता तर आम्हाला वाढदिवसालासुद्धा कोणी बोलावलं नसतं.

“त्या एजंटाचा परत फोन आला होता,” तो म्हणाला. “जहाजावरच्या नोकरीचा. आज दुपारपर्यंत हो की नाही सांगायचंय.”

“तुम्ही नाही म्हणणार होतात.”

“म्हणणार होतो.” त्याने चहाचा घोट घेतला. “आठ महिने समुद्रात. रोज संध्याकाळी जेवणाऱ्यांसमोर उभं राहायचं आणि ते सांगतील ते वाजवायचं. इथे तरी दुसरं काय करतो रे आपण?”

“इथे ‘मिठागर’ वाजवतो.”

‘मिठागर’ ही त्याची रचना. एकदम साधी चाल, शेवटी तीन सूर सावकाश खाली उतरतात आणि तिथेच बसतात. मधल्या जागेत सायमनदादा त्याचा सोलो वाजवायचा. सोलो म्हणजे त्या वेळी, तिथे उभं राहून जे सुचेल ते; काल वाजवलेलं आज नाही. चार वर्षं आम्ही ती प्रत्येक कार्यक्रमात वाजवत होतो, आणि चार वर्षं लोक तेवढ्या वेळात वेटरला हाक मारून घेत होते.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तुमच्या लोकांना वन्स मोअर द्यायची सवय आहे ना? आज ‘मिठागर’ला वन्स मोअर मिळाला, एकदाच, तर एजंटाला नाही म्हणून कळवतो. नाही मिळाला तर हो.”

“दादा, ही नाट्यगीतांची माणसं आहेत.”

“म्हणून तर. मुंबईवाले खोटं खोटं हं-हं करतात. हे लोक आवडलं तर ओरडतात, नाही आवडलं तर उठून जातात. एकदा कळू दे मला.”

असं माझं पुढचं आयुष्य ओगलेकाकांच्या कॉलनीच्या हवाली झालं.

निवेदिका सौ. वृषालीताई होत्या. दिवाळी पहाटेला निवेदिका नसेल तर सूर्य उगवत नाही असा आमच्याकडे समज आहे. त्यांनी आधी प्रकाशावर बोलून घेतलं, मग अंधारावर, आणि मग म्हणाल्या, “जॅझ म्हणजे काय हो? सातासमुद्रापलीकडच्या मातीतली ती भूपाळीच जणू.” लोकांनी या वाक्याला टाळ्या दिल्या. मागून सायमनदादाने मला विचारलं, “भूपाळी म्हणजे सकाळची ना? मग बरोबर आहे. मला अजून झोप येतेय.”

पहिल्या रांगेत मधोमध नगरसेवक बापू लोणारे बसले होते. प्रमुख पाहुणे. मोबाइल समोर स्टुलावर उभा करून ते सगळा कार्यक्रम त्यात भरून घेत होते, म्हणजे ऐकायची कटकट नको. त्यांच्या डाव्या हाताला पैठणी नेसलेल्या साबडेवहिनी. नाट्यगीतांना कुठे वा म्हणायचं हे कॉलनी त्यांच्याकडे बघून ठरवत असे.

पहिली रचना संपली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. माइक तपासणं चालू आहे अशी सगळ्यांची समजूत होती. वृषालीताईंनी खुलासा केल्यावर थोड्या पडल्या, उशिरा आल्याबद्दल माफी मागितल्यासारख्या.

दुसरं आम्ही एक जुनं सिनेमातलं गाणं घेतलं, ओगलेकाकांच्या सणासाठी. सायमनदादा ते लग्नांमध्ये इतक्या वेळा वाजवून चुकला होता की वाजवताना तो मंडपाच्या कापडावरची नक्षी बघत होता. मंडळी फुलून आली. साबडेवहिनींनी डोळे मिटले. मागचे एक गृहस्थ चालीवर शब्द म्हणायला लागले, चुकीचे, आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी मोठ्याने दुरुस्त केले. गाणं संपल्यावर ओगलेकाकांनी मला स्टेजखालून अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा अर्थ असा होता की जॅझ त्यांना समजलं.

मग ‘मिठागर’.

स्टेज मैदानाच्या कुंपणभिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे कॉलनीचा रस्ता. सायमनदादा त्या बाजूच्या टोकाला उभा, मी दुसऱ्या टोकाला पियानोवर, आणि माझ्या कानाशी हेमूचे ड्रम्स. उजाडलं होतं. चाल एकदा वाजवून झाली, लोक शांत होते. आमच्याकडे शांत असणं म्हणजे फराळ कधी आहे याचा विचार करणं. सायमनदादाने सोलो सुरू केला.

मी त्याचे सोलो शेकडो ऐकले होते. हा वेगळा होता. तो घाई करत नव्हता, कुणाला काही पटवून देत नव्हता. मध्येच तो किंचित थांबला, मान भिंतीकडे कलती केली आणि एक छोटासा सुरांचा तुकडा घेतला. उड्या मारणारा, पोरकट. मला तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण पियानोवर माझे हात गुंतले होते आणि तोवर सायमनदादाने तो तुकडा उलटा केला, लांबवला, त्याची कळ काढली आणि तो अलगद नेऊन ‘मिठागर’च्या त्या उतरत्या तीन सुरांत सोडला.

मंडपात काहीतरी झालं. खुर्च्या वाजल्या. कोणीतरी हसलं, मग चार-दोन जण हसले, ओळख पटल्यावर हसतात तसे. साबडेवहिनी ताठ बसल्या. आणि आम्ही शेवटचा सूर सोडायच्या आत मागून एक खणखणीत आवाज आला.

“वन्स मोअर.”

मग दुसरा. मग सगळा मंडप. ओगलेकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी सायमनदादाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. त्याने सॅक्सोफोन छातीशी धरला होता, बाळाला धरावं तसा.

“परत,” तो आम्हाला म्हणाला. “चालीपासून.”

आम्ही परत वाजवलं. आणि दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा सुंदर वाजला, हे मी पियानोवर हात ठेवून सांगू शकतो. मागचं काहीही न उचलता त्याने सोलो नव्याने बांधला. माझ्या आयुष्यात मी ज्या संगीताच्या सर्वांत जवळ बसलो, ते हे होतं.

मंडपात चुळबुळ सुरू झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमचं संपलं तेव्हा टाळ्या आल्या, पण दारात आलेल्या पाहुण्याला चुकीचं घर लागलंय हे कळल्यावर आपण हसतो तशा.

ओगलेकाका स्टेजजवळ आले. “छान झालं,” ते म्हणाले. “पण वन्स मोअर मघाच्याला होता.”

“हे मघाचंच आहे, काका.”

“नाही हो. मघाशी वेगळं होतं.”

“सोलो प्रत्येक वेळी वेगळाच असतो. तो तसाच परत वाजवत नाहीत.”

“का? विसरले का ते?”

मागून कोणीतरी ओरडलं, “मघाचंच वाजवा.” दोन-तीन जणांनी ते उचलून धरलं. मला काही उमजेना. सायमनदादा कमरेत वाकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. शेवटी साबडेवहिनींनी पदर सावरला आणि हात करून त्यालाच थेट सांगितलं.

“अहो, ते घंटागाडीचं घ्या ना.”

घंटागाडी म्हणजे आमच्याकडची कचऱ्याची गाडी. रोज सकाळी भोंग्यावर गाणं लावून फिरते: ओला वेगळा, सुका वेगळा, ताई वहिनी बादली काढा. दिवाळी असो की ग्रहण, तिला सुट्टी नाही. पहिल्या वेळी, सोलोच्या ऐन मध्यावर, ती भिंतीपलीकडून गेली होती. ड्रम्सच्या शेजारी मला ऐकू आली नव्हती. सायमनदादाला आली. सुचत असताना कानावर जे पडेल ते आपलं म्हणून घ्यायचं, ही त्याची पद्धत. कुकरची शिट्टी असली तरी त्याने घेतली असती. ते गाणं कशाचं आहे हे त्या वसईकराला ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होतं, मी ते गाणं ऐकत बादल्या घेऊन उतरलेला माणूस, आणि मी ओळखलं नव्हतं.

“कसली गाडी?” सायमनदादाने मला विचारलं.

मी सांगितलं.

त्याने मंडपाकडे पाहिलं, सगळ्या पैठण्यांकडे आणि झब्ब्यांकडे. मग वाकून साबडेवहिनींना नमस्कार केला, सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि सुरू केलं: ओला वेगळा, सुका वेगळा.

त्याला त्यांचा अपमान करायचा होता. मी चार वर्षं त्याच्या शेजारी बसलो होतो, मला त्याचा श्वास कळायचा. त्याने ती चाल भोंग्यासारखीच वाजवली, किनरी, बेशरम, एकदा, दोनदा. लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले, भजनाला धरतात तसा, हेमूच्या ड्रम्सशी काही देणंघेणं न ठेवता. बापू लोणाऱ्यांनी मोबाइल स्टुलावरून उचलून पुढे धरला. पण सायमनदादाचा एक दोष होता. त्याला वाईट वाजवता येत नसे. तिसऱ्या फेरीला त्या फालतू चालीत त्याला काहीतरी दिसलं आणि तो अपमान विसरला. मग जे झालं ते कचऱ्याच्या गाण्याला मिळायला नको होतं. शेवटी, कुणीही सांगितलेलं नसताना, त्याने ती चाल ‘मिठागर’च्या तीन सुरांवरून खाली उतरवली आणि तिथे बसवली.

मंडप उभा राहिला. साबडेवहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या कॉलनीत एवढ्या टाळ्या त्याआधी फक्त पाण्याची नवी लाइन सुरू झाली तेव्हा पडल्या होत्या.

शाल आणि श्रीफळ देताना ओगलेकाका सायमनदादाला म्हणाले, “पुढच्या वर्षी हेच ठेवू. फक्त ते मधलं मधलं थोडं कमी करा.” बापू लोणाऱ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि शहराच्या स्वच्छतेत कलेचं स्थान यावर दोन शब्द बोलले. पुष्कळ दोन शब्द होते.

फराळाच्या बश्या घेऊन आम्ही स्टेजमागे बसलो. सायमनदादाच्या खांद्यावर शाल तशीच होती.

“वन्स मोअर मिळाला, दादा,” मी म्हणालो. “सगळ्यांनी ऐकलाय.”

“मिळाला.”

“आणि आपण ‘मिठागर’ वाजवत होतो तेव्हा मिळाला. तुमची अट तीच होती.”

“अट काय होती, तू सांग.”

“‘मिठागर’ला वन्स मोअर मिळाला तर.”

“‘मिठागर’ला मिळाला का?”

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिलो. त्याने चकली संपवली, बोटं पुसली आणि एजंटाला फोन लावला. बोलणं थोडक्यात झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “श्री, चकली चांगली आहे. भाजणी घरची असणार.”

तो गेला. चौकडीतले उरलेले तिघं काही दिवस एकमेकांना फोन करत राहिलो, मग कशाला करायचा असं झालं. मी परत घरी आलो आणि मुलांना कीबोर्ड शिकवायला लागलो. सिनेमातलं एखादं गाणं हाताला बसलं की मुलं येणं बंद करतात, कारण पालकांचं काम झालेलं असतं. पाहुण्यांसमोर वाजवायला एक गाणं पुरतं.

दोन वर्षांनी बापू लोणारे महापालिकेच्या आरोग्य समितीचे सभापती झाले आणि एका सकाळी घंटागाडीचा भोंगा बदलला. शब्द गेले, ते गाणारी बाई गेली. सॅक्सोफोन आला. बापूंनी मोबाइलमधलं ते तिसऱ्या वेळचं वाजवणं सगळ्या गाड्यांवर चढवलं होतं. टाळ्यांसकट. तेव्हापासून ते रोज आमच्या शहरातल्या प्रत्येक गेटवर वाजतं, कधी बदलत नाही, मघाचंच असतं. शेवटचे तीन सूर खाली उतरतात तिथे ड्रायव्हर भोंगा बंद करतो आणि लोक बादल्या उचलतात. कोणी मान वर करून ऐकत नाही. साबडेवहिनींनी अलीकडे तक्रार केली आहे की जुनं गाणं बरं होतं, त्यात शब्द होते.

मी सायमनदादाला हे कधी कळवलं नव्हतं. तो सणासुदीला फोन करायचा, कुठल्या कुठल्या बंदरांवरून, आणि आम्ही हवेबद्दल बोलायचो. गेल्या भाऊबीजेला असाच सकाळी त्याचा फोन आला. मी फाटकापाशी उभा होतो.

“कसं काय, श्री? अजून वाजवतोस का?”

“शिकवतो. तुमचं?”

“चालू आहे. काल एका म्हाताऱ्याने एकच गाणं सात वेळा वाजवायला लावलं. बायकोचं आवडतं म्हणाला. बायको शेजारी झोपली होती.” तो थांबला. “मागे सॅक्सोफोन कोण वाजवतोय रे?”

गाडी कोपऱ्यावरून वळली होती. खोटं बोलायला वेळ नव्हता.

“तुम्ही,” मी म्हणालो.

मी फोन गाडीच्या दिशेने धरला. गाडी फाटकाशी आली, थांबली. भोंग्यातून सायमनदादा तिसऱ्या फेरीला आला, त्याला ते काहीतरी दिसलं, तो अपमान विसरला. शेजारपाजारचे बादल्या घेऊन उतरले. तीन सूर खाली आले आणि बसले. टाळ्या सुरू होतात तिथे ड्रायव्हरने बटण दाबलं.

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता.

“रोज लावतात?” त्याने विचारलं.

“रोज.”

“शेवट ठेवलाय त्यांनी.”

“ठेवलाय.”

“दुसरा सूर जरा घाईत सुटलाय माझा.” पुन्हा वारा. मग तो म्हणाला, “श्री, परत लाव म्हणावं.”

“काय?”

“त्या ड्रायव्हरला सांग. वन्स मोअर.”

मी गाडीच्या खिडकीशी गेलो. “भाऊ, जरा परत लावता का ते?”

“आता पुढच्या गेटला,” ड्रायव्हर म्हणाला. “कचरा राहिला का तुमचा?”

“नाही.”

“मग?”

त्याने गियर टाकला. मी फोन पुढे धरला आणि गाडीच्या मागे चालायला लागलो, चपला फटफटवत, झेंडूच्या माळा लावलेल्या फाटकांवरून. पुढच्या गेटवर ओगलेकाका दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन उभे होते. आता ते वाकलेत, पण बादल्यांबाबत शिस्तीचे आहेत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग तिच्या मागून येणाऱ्या माझ्याकडे, आणि माझ्या लांब धरलेल्या हाताकडे.

“श्रीरंग,” ते म्हणाले, “बादली विसरलास.”

मी त्यांना हाताने गप्प राहायची खूण केली. भोंगा सुरू झाला होता.